आचारी, आचार्य आणि एक अदृश्य चिन्ह

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. गेल्या वर्षभरात मंडळाच्या कामातूनच तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला होता. विषय संगणकाचा आहे. मी कला शाखेचा पदवीधर. केंद्र सरकारच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतून टिपणे, मसुदे आणि शेरे लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. अशा माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, हे काहींना धार्ष्ट्य वाटेल. परंतु ज्या दुरुस्तीविषयी मी बोलणार आहे, तिच्यात संगणकशास्त्राचा वाटा थोडा आणि मराठी लेखनाचा वाटा मोठा आहे, म्हणून हे धाडस करतो.

आपणांस ठाऊकच आहे की, या महोत्सवानिमित्त आपण ज्येष्ठ सभासदांच्या आठवणींचे व्हिडिओ तयार करून मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवले. मंडळाची पहिली सभा कोणाच्या ओसरीवर भरली, वर्गणी किती होती, नाटकाचे पडदे कोठून आणले, हे सारे त्यांत सांगितले आहे. या व्हिडिओंना पडद्याच्या तळाशी मराठी मजकूर, म्हणजे सबटायटल्स, द्यावीत असे ठरले. त्याची कारणे दोन. आपल्यातील बऱ्याच वडीलधाऱ्यांना आता ऐकू कमी येते. आणि आपल्या नातवंडांच्या कानांना अस्सल मराठी बोलणे भरभर उमगत नाही; शाळेत हिंदी असल्यामुळे देवनागरी मात्र ती सहज वाचतात. बोलणे कानावर पडता पडता डोळ्यांनी वाचता आले, तर त्यांची मराठी सुधारेल, हा हेतू.

दोन स्वयंसेवकांनी तो मजकूर टंकलिखित करून दिला. व्हिडिओ संकेतस्थळावर चालविण्यासाठी एक छोटा तयार प्लगइन, म्हणजे मूळ यंत्रणेला जोडावयाचा भाग, बसविला होता. तो जगभर अनेक जण वापरतात आणि त्याला एक पैसाही पडत नाही. सारे सुरळीत झाले असे वाटत असतानाच एका ज्येष्ठ भगिनींनी एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. पहिल्या गणेशोत्सवाची आठवण सांगताना वक्ते म्हणतात, "आचाऱ्यास पन्नास रुपये आगाऊ दिले आणि बुंदी पाडायला बसविले." पडद्यावर मात्र उमटत होते, "आचार्यास पन्नास रुपये आगाऊ दिले." बुंदी पाडणारे आचार्य पाहून प्रथम सगळे हसले. मग लक्षात आले की 'बिऱ्हाड' या शब्दाचे 'बिर्हाड' झाले आहे, 'वऱ्हाड'चे 'वर्हाड' आणि 'पायऱ्या'चे 'पायर्या'. हसू तेथे ओसरले. ज्यांच्या या आठवणी आहेत, त्यांपैकी दोघे जण मुद्रण झाल्यानंतर आपल्यातून गेले. आपले शब्द तपासून घेण्यासाठी ते आता येणार नाहीत. ती जबाबदारी मागे राहिलेल्यांची.

या चुकीचे मूळ कळण्यासाठी आपल्या लिपीतील एका बारकाव्याकडे पाहावे लागेल. 'र' पुढच्या व्यंजनाला जोडला जातो, तेव्हा तो बहुधा रफार होऊन डोक्यावर बसतो: सूर्य, कार्य, आचार्य. परंतु मराठीत त्याचे आणखी एक रूप आहे, ते ओळीतच, पुढच्या अक्षराच्या डावीकडे, लहानशा वक्र रेघेसारखे लिहिले जाते: आचाऱ्यास, दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड. संगणकवाले त्या रेघेच्या आकारावरून त्याला इंग्रजीत पापणी म्हणतात. दोन्ही रूपांचा उच्चार निराळा आहे. 'आचार्य' म्हणताना 'चा'वर आघात येतो, 'आचाऱ्यास' म्हणताना येत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हिंदीला हा भेद लागत नाही. म्हणूनच आपण राहतो तेथील शेजाऱ्यांना ही चूक दाखविली, तरी ती त्यांच्या डोळ्यांना खटकत नाही.

आता संगणक हे रूप कसे लिहितो ते पाहू. जगातील लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तीत आपले हे रूप लिहिण्याच्या दोन रीती मान्य आहेत. पहिलीत खाली टिंब असलेला 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्तचिन्ह जोडावयाचे. ही रीत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली ठरविलेल्या 'इस्की' या मानकाशी जुळणारी आहे. दुसरीत साधा 'र', मग हलन्तचिन्ह, आणि त्यानंतर शून्य रुंदीचे जोडचिन्ह. हे जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नाही, कागदावर जागा व्यापत नाही. ते केवळ संगणकाला सांगते की येथे रफार करू नकोस, अर्धे रूप ठेव. कोणत्या कळफलकावर काय उमटते, हे तो कळफलक बनविणाऱ्यावर अवलंबून असते, आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्या दोन स्वयंसेवकांपैकी एकाचा कळफलक पहिल्या रीतीचा होता, दुसऱ्याचा दुसऱ्या. म्हणून अर्ध्या व्हिडिओंत शब्द शुद्ध आणि अर्ध्यांत अशुद्ध, असा गूढ प्रकार झाला होता.

तरीही एक प्रश्न उरतोच. दोन्ही रीती मान्य असतील, तर दुसरीने लिहिलेले अक्षर बिघडावे का? सबटायटल्सची फाईल म्हणजे साधा मजकूर असतो. वेबव्हीटीटी नावाच्या पद्धतीत पहिल्या ओळीवर त्या पद्धतीचे नाव, पुढे एका ओळीत आरंभाची आणि शेवटाची वेळ, आणि तिच्याखाली त्या वेळी दाखवावयाचे वाक्य. ती फाईल साध्या संपादकात उघडली, तर 'आचाऱ्यास' अगदी बिनचूक दिसे. व्हिडिओवर मात्र तो आचार्य होई. याचा अर्थ फाईल आणि पडदा यांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी काहीतरी काढून घेत होते. मधली वाट म्हणजे तो प्लगइन.

येथे आपल्या एका सभासदांची कन्या साहाय्याला आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. या प्लगइनची आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली असल्याने तिने ती उघडली आणि अर्ध्या तासात ओळ शोधून दिली. कोणतेही वाक्य दाखविण्यापूर्वी त्यातील अदृश्य चिन्हे पुसून टाकावीत, अशी आज्ञा त्या ओळीत होती. कोणती चिन्हे? युनिकोडमधील २००बी या क्रमांकापासून २००डी पर्यंतची सर्व, आणि शिवाय एफईएफएफ. २००बी म्हणजे शून्य रुंदीची मोकळी जागा. एफईएफएफ हे पुष्कळदा फाईलच्या अगदी आरंभी येणारे एक निशाण. ही दोन्ही पुसण्यास हरकत नाही. परंतु त्या पट्ट्यात २००सी आणि २००डी हेही येतात. पहिले विलगचिन्ह, दुसरे आपले जोडचिन्ह. इंग्रजी मजकुरात यांचे काही काम नसते. त्यामुळे ती ओळ लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे दिसले नसणार, आणि त्याला दोषही देता येत नाही. ज्याच्या भाषेत आचारी आणि आचार्य यांत अशी गफलत होऊच शकत नाही, त्याला ती सुचावी कशी?

आता उपाय. तीन मार्ग होते. पहिला असा की, बिघडलेले सगळे शब्द पहिल्या रीतीने पुन्हा टंकलिखित करावेत. दुसरा, आपल्या संकेतस्थळावरील प्लगइनच्या प्रतीत ती ओळ बदलून टाकावी. ती मुलगी म्हणाली, "काका, पाच मिनिटांचे काम आहे. आत्ता करून देते."

मी विचारले, "आणि पुढची आवृत्ती आली की?"

"मग पुन्हा बदलायची."

"आणि तू नोकरीसाठी बंगळूरला गेलीस म्हणजे?"

यावर ती हसली आणि म्हणाली, "मग तिसरा मार्ग, काका. दुरुस्ती मूळ जागी पाठवू."

बंधुभगिनींनो, हा तिसरा मार्ग हाच माझ्या भाषणाचा खरा विषय आहे. त्यासाठी थोडा इतिहास सांगतो. आज्ञावलीचा मूळ मसुदा वापरणाऱ्याला पाहता, बदलता आणि वाटता आला पाहिजे, या आग्रहाने अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली. असे स्वातंत्र्य कायद्याच्या भाषेत बांधणारा त्यांचा सार्वजनिक परवाना १९८९ साली निघाला. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ सालचे. व्हिडिओच्या क्षेत्रातील सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे व्हीएलसी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेला तो प्रकल्प २००१ साली खुला झाला आणि आज आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर आहे. केंद्र सरकारनेही २०१५ साली आपल्या कचेऱ्यांत खुल्या आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

आपल्या प्लगइनचा परवाना एमआयटी या नावाने ओळखला जातो. तो इतका लहान आहे की आमच्या कचेरीतील कोणत्याही परिपत्रकाने लाजावे. वापरा, बदला, वाटा. मूळ लेखकाचे नाव आणि हा परवाना सोबत ठेवा. आणि आम्ही कसलीही हमी देत नाही, हे समजून घ्या. एवढेच. दुरुस्ती परत पाठविलीच पाहिजे, असे त्यात कोठेही लिहिलेले नाही. ती पाठविणे हे सर्वस्वी आपल्या इच्छेवर सोडलेले आहे.

पाठविण्याची रीत पाहून मला माझी कचेरीच आठवली. प्रथम मूळ आज्ञावलीची आपली वेगळी प्रत काढावयाची. तीत बदल करावयाचा. मग 'पुल रिक्वेस्ट' या नावाचा प्रस्ताव मूळ देखभालकर्त्यांपुढे सादर करावयाचा. प्रस्तावात काय बिघडले आहे, ते कसे दिसते, का घडते, आणि कोणता बदल सुचविला आहे, हे क्रमाने लिहावे लागते. काढलेली ओळ आणि घातलेली ओळ समोरासमोर दिसतात, म्हणजे आपले शुद्धिपत्रच. तपासणारा शेरा मारतो, शंका विचारतो, प्रस्ताव परत पाठवितो. मान्य झाला, तर तो मूळ आज्ञावलीत समाविष्ट होतो. यामागील व्यवस्था गिट नावाची आहे. ती लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी रचली. प्रत्येक ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने लिहिली, याची नोंद तीत कायम राहते. फाईलमधील जुनी टिपणे सहसा कोणी इतरांच्या नकळत फाडून टाकू शकत नाही, असे समजा.

मुलीने ओळ बदलली. प्रस्तावाचा मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मी मराठी उदाहरणे दिली, तिने ती इंग्रजीत समजावून सांगितली. 'आचार्य' म्हणजे गुरू, 'आचारी' म्हणजे स्वयंपाकी, आणि आपला प्लगइन स्वयंपाक्याला गुरू करतो, हे वाक्य तिने पहिल्याच परिच्छेदात घातले. परक्या माणसाला चूक कळण्यासाठी ते पुरेसे झाले.

देखभालकर्ते दूरच्या देशातील एक गृहस्थ. पोटासाठी दुसरी नोकरी करून उरलेल्या वेळात ते हे काम पाहतात. चार दिवसांनी त्यांचे उत्तर आले. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, ही ओळ मुळात का घातली गेली, ते शोधा. ज्या नियमाचे कारण ठाऊक नाही तो बदलू नये, हे तत्त्व मला फार आवडले. जुन्या नोंदी पाहता असे दिसले की, काही संपादकांतून आलेल्या फायलींत शून्य रुंदीच्या मोकळ्या जागा पसरलेल्या असत आणि त्यामुळे ओळी भलत्याच ठिकाणी तुटत. म्हणजे त्या ओळीचा हेतू रास्त होता. तिचा पट्टा तेवढा रुंद झाला होता. दुसरी मागणी चाचणीची. चाचणी म्हणजे आज्ञावलीसोबत कायमची ठेवलेली एक परीक्षा. पुढे कोणीही काही बदल केला, की ती आपोआप घेतली जाते. आमच्या चाचणीत जोडचिन्ह असलेला 'आचाऱ्यास' हा शब्द आत जातो आणि जसाच्या तसा बाहेर आला पाहिजे. शून्य रुंदीची मोकळी जागा मात्र पूर्वीप्रमाणे पुसली गेली पाहिजे.

अनोळखी माणसाच्या एका ओळीसाठी एवढी चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये जगाला मिळाले. एक्सझेड नावाच्या खुल्या आज्ञावलीत, दीर्घकाळ साहाय्य करून विश्वास संपादन केलेल्या एका व्यक्तीने चोरवाट दडविल्याचे तेव्हा उघडकीस आले. तेथील मूळ देखभालकर्ता एकटा आणि थकलेला होता. ती चोरवाट एका जागरूक अभियंत्याच्या लक्षात आली, ती आज्ञावली सर्वांना पाहण्यासाठी खुली होती म्हणून तिचा माग काढता आला, आणि मोठा अनर्थ टळला. म्हणून शंका घेणाऱ्या देखभालकर्त्याचा राग मानू नये. तो आपल्याच घराचे दार राखीत असतो. आणि तो एकटा असतो, हेही विसरू नये.

सतराव्या दिवशी प्रस्ताव मान्य झाला. नंतरच्या आवृत्तीत तो समाविष्ट झाला आणि आमच्या पडद्यावरील आचारी पुन्हा कढईपाशी जाऊन बसला.

याचा लाभ कोणाकोणाला झाला, ते पाहण्यासारखे आहे. नेपाळी भाषेतही हे रूप पावलोपावली लागते. 'गऱ्यो' म्हणजे 'केले' हा त्यांचा रोजचा शब्द. फारसीत एकाच शब्दाचे दोन भाग जवळ ठेवून त्यांची अक्षरे मात्र जोडू नयेत, यासाठी विलगचिन्ह वापरतात. त्याच ओळीने तेही पुसले जात होते. सिंहली लिपीत 'श्री' लिहिण्यासाठी जोडचिन्ह लागते. इतकेच काय, भ्रमणध्वनीवर आपण कुटुंबाचे जे एक चित्र पाठवितो, तेही वडील, आई आणि मूल अशी सुटी चित्रे याच जोडचिन्हाने बांधून तयार होते. जोडचिन्ह पुसले, की कुटुंब विखुरते आणि तिघे वेगवेगळे उभे राहतात. आम्ही निघालो होतो मंडळाच्या आठवणींतील एक शब्द सुधारण्यास. घरच्या प्रतीपुरता बदल करून थांबलो असतो, तर यांपैकी कोणालाही त्याचा उपयोग झाला नसता.

आपले मंडळ पन्नास वर्षे चालले, तेही असेच. कोणीतरी सतरंज्या उचलल्या, कोणी हिशेब लिहिला, आणि नंतर येणाऱ्यांना सारे तयार मिळाले. दर तीन-चार वर्षांनी बदलीच्या गावी बिऱ्हाड मांडणाऱ्या माझ्यासारख्यांना त्याची किंमत अधिक कळते, कारण प्रत्येक गावी आधीच्या कोणीतरी उभारलेल्या मंडळाच्या दाराशी आपण जातो. खुल्या आज्ञावलीचा व्यवहार याहून फार निराळा नाही. फरक एवढाच की तेथील सभासदांचे चेहरे आपल्याला दिसत नाहीत.

एक गोष्ट मात्र तेथे दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही. मराठीत काय चुकले आहे, हे मराठी माणसालाच सांगावे लागेल. महाराष्ट्रात एवढे लोक आहेत, कोणीतरी सांगेल, असे म्हणून आपण बसतो. तेथील माणूसही बहुधा असेच म्हणून बसलेला असतो. दूर राहणाऱ्यांनी हे काम का करू नये? भिन्न भाषांच्या शेजारात राहिल्याने आपली भाषा कोठे वेगळी आहे, हे आपल्याला अधिक लवकर जाणवते. चूक कळविण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. कोणता शब्द, कोठे दिसला, कसा दिसला आणि कसा दिसावयास हवा होता, एवढे चार मुद्दे नीट लिहिले, तरी निम्मे काम होते.

म्हणून कार्यकारिणीस माझी एक विनंती आहे. ग्रंथालयातील टेबलावर एक साधी वही ठेवावी. ज्येष्ठांनी आपल्या भ्रमणध्वनीवर, बँकेच्या यंत्रावर, व्हिडिओच्या सबटायटल्समध्ये मराठीची जी मोडतोड दिसेल, ती या चार मुद्द्यांनिशी वहीत लिहावी. संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी महिन्यातून एकदा ती वही वाचावी, आणि ज्याची दुरुस्ती मूळ जागी पाठविता येईल, ती पाठवावी. सगळे प्रस्ताव मान्य होतील असे नाही. काहींना उत्तरच येणार नाही. कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला त्याचे नवल वाटत नाही. परंतु या निमित्ताने आजोबा आणि नात एका टेबलाशी बसून 'ऱ' विषयी बोलतील, हाही लाभ लहान नाही.

वही मी घेऊन आलो आहे. ती ग्रंथपालांच्या स्वाधीन करतो.